डेन्टन वेल्च कुणी वाचलाय का?

मोरपिशी_शाई (धागाकर्ती)

गेली दोन वर्षं माझ्या उशाशी एकाच लेखकाची पुस्तकं आहेत. आईच्या आजारपणात रात्री जागावं लागायचं, तेव्हा हा हाती लागला आणि मग सुटलाच नाही. डेन्टन वेल्च. इंग्रज लेखक आणि चित्रकार. जन्म १९१५, मृत्यू १९४८. जेमतेम तेहतीस वर्षं. मराठीत त्याच्याविषयी काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा धागा काढतेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

जन्म शांघायचा, २९ मार्च १९१५. वडील रबराच्या व्यापारात. आई अमेरिकन, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावची, आणि ख्रिश्चन सायन्स पंथातली. औषधापेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवणारा हा पंथ. डेन्टन धाकटा, आईला चिकटलेला. १९२७ मध्ये ती गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुढे त्यानं जे काही लिहिलं त्यात आई कुठेतरी असतेच. एखाद्या खोलीत शिरावं आणि नुकतंच कुणीतरी तिथून उठून गेल्याचं जाणवावं, तशी असते.

शाळा डर्बीशायरमधली रेप्टन, निवासी. तिथे तो रमला नाही. सोळाव्या वर्षी सुट्टी संपून परत जायच्या दिवशी शाळेच्या वाटेला न लागता सरळ उलट दिशेला, सॉल्झबरीकडे निघून गेला. काही दिवस एकटाच भटकला. मग वडिलांनी चीनला बोलावून घेतलं. हे पळणं आणि तो चीनचा प्रवास म्हणजेच त्याचं पहिलं पुस्तक, ‘मेडन व्हॉयेज’. त्यात चीनच्या आतल्या भागात फिरताना वाटेत एक छाटलेलं मुंडकं दिसतं, तो प्रसंग आहे. दुसऱ्या कुणी त्याभोवती पानंच्या पानं भीती रचली असती. हा ते बघतो, जे दिसलं ते सांगतो, आणि पुढे चालायला लागतो. भीती वाचणाऱ्याला नंतर भरते, रात्री दिवा घालवल्यावर.

१९३३ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कला विद्यालयात दाखल झाला. चित्रकारच व्हायचं होतं. राहायचा ग्रिनिचला. ७ जून १९३५ ला, व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीच्या तोंडावर, सरे परगण्यातल्या नातेवाइकांकडे सायकलवरून निघाला. वाटेत मोटारीनं मागून उडवलं. वय वीस. मणका मोडला, काही काळ कमरेखालचं अंग लुळं पडलं. महिनोन्‌महिने इस्पितळात, मग समुद्रकाठच्या ब्रॉडस्टेअर्स गावात एका शुश्रूषागृहात. तो पुन्हा चालायला लागला. पुन्हा सायकलही चालवायला लागला, हे मला प्रत्येक वेळी वाचताना थक्क करतं. पण आतून शरीर मोडलं ते मोडलंच. मूत्राशय, मूत्रपिंडं, मणक्याचा क्षय, अचानक चढणारा ताप, डोकं फुटेल अशी दुखणी. पुढची साडेतेरा वर्षं तो या सगळ्यासकट जगला आणि त्यातल्या शेवटच्या सहा-सात वर्षांत त्यानं स्वतःचं जवळजवळ सगळं लेखन केलं.

आता मूळ मुद्दा. त्याच्याबद्दल कुठेही वाचायला गेलं की पहिल्या दोन ओळींत अपघात येतो. जणू मोटारीनं धडक दिली आणि लेखक जन्माला आला. मला हे मनापासून पटत नाही. माझं म्हणणं असं, की त्याचा डोळा आधीपासूनच तसा होता. अपघातानं फक्त त्याचा वेळ कापून नेला.

‘इन यूथ इज प्लेझर’ ही १९४५ मध्ये आलेली कादंबरी घ्या. ऑर्विल पिम नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, आई वारलेली, वडील आणि मोठ्या भावांबरोबर थेम्सकाठच्या हॉटेलात उन्हाळी सुट्टीला आलेला. वडील त्याला लाडानं ‘मायक्रोब’ म्हणजे जंतू म्हणतात. बस, गोष्ट एवढीच. काही घडत नाही म्हणा ना. पण जेवणाच्या टेबलावर पीच मेल्बा हे आइस्क्रीम आणि पीचचं गोड पक्वान्न येतं आणि ते या मुलाला सेल्युलॉइडच्या बाहुलीच्या ढुंगणासारखं दिसतं! ते वाचून मी रात्री दोन वाजता आईच्या खोलीत तोंडावर पदर धरून हसले होते. तुटलेला कप, जुनी खोकी, चर्चमधली दगडी माणसं, कुणाच्या तरी कोटाचा वास. पंधरा वर्षांच्या मुलाला लाज कशाकशाची वाटते आणि हाव कशाकशाची सुटते, हे इतकं उघडं करून सांगणारा लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही.

कुणी वाचला असेल तर बोला. नसेल तरी बोला.


हिरवा_कंदील

सुरेख लिहिलंय. मी ‘मेडन व्हॉयेज’ वाचलंय, बाकीचं नाही. पण अपघाताच्या मुद्द्यावर असहमत.

तुम्हीच म्हणता की सगळं लेखन शेवटच्या सहा-सात वर्षांतलं. अपघात झाला नसता तर हा माणूस बरी चित्रं काढणारा, जुन्या चिनी मातीची भांडी जमवणारा, चहाला बोलवावा असा एक गृहस्थ झाला असता. अंथरुणाला खिळल्यावर माणूस मागे वळून बघतो. बाहेर जायची वाट बंद झाली म्हणून तो आठवणीत गेला आणि तिथे त्याला पुस्तकं सापडली. यात त्याचा कमीपणा नाही. मातीला चाकावर दाब मिळाला तरच मडकं होतं.


मोरपिशी_शाई

@हिरवा_कंदील, तो अंथरुणाला सतत खिळलेला नव्हता, ही पहिली गोष्ट. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४८ अशी त्याची रोजनिशी आहे. त्यात तो इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या गल्लीबोळांतून सायकल हाकतोय, पडक्या चर्चांत शिरतोय, नदीकाठी एकटाच डबा उघडून बसलाय, जुन्या वस्तूंच्या दुकानात तासन्‌तास घासाघीस करतोय. मग ताप चढतो आणि आठवडाभर पान कोरं. मग पुन्हा सायकल. युद्ध चालू आहे, डोक्यावरून विमानं जातायत, आणि हा कवडीच्या किमतीच्या चमच्यावरचा नक्षीचा उठाव बघतोय. घरात कोंडलेल्या माणसाची ही रोजनिशी नव्हे.

दुसरं, मडक्याचं उदाहरण मला बोचलं. दाबानं मडकी होतात तशी फुटतातही. त्याच इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटांवर किती जण असतील, त्यांच्यातून कुणी लेखक झाला नाही.


फिरता_डॉक्टर

लेखक वाचलेला नाही, पण अपघातानंतरच्या दुखण्याचं चित्र ओळखीचं वाटलं म्हणून थोडं लिहितो.

मणक्याला मार बसून मज्जारज्जू दुखावला की पाय पुन्हा चालू लागले तरी मूत्राशयाचा ताबा पूर्ण येईलच असं नाही. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, तुंबते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, संसर्ग वर मूत्रपिंडांपर्यंत चढतो. थंडी वाजून ताप येतो तो यातूनच. असे हल्ले वारंवार झाले की मूत्रपिंडं वर्षागणिक निकामी होत जातात, रक्तदाब वाढतो, त्यातून डोकेदुखी, आणि शेवटी सगळा भार हृदयावर.

आता काळ बघा. १९३५ मध्ये अशा रुग्णाला देण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं नुकती येऊ घातली होती. पेनिसिलीन ब्रिटनमध्ये सामान्य रुग्णांना मिळू लागलं ते १९४६ च्या सुमारास. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडलं आणि त्याच्या चाचण्या त्यानंतर तीन-चार वर्षांनी. म्हणजे औषधं त्याच्या दिशेनं येत होती, पण तोवर मूत्रपिंडांची जी झीज झाली होती ती भरून येण्यातली नव्हती. आजच्या काळात हाच मुलगा लघवीची नळी स्वतः कशी घालायची ते शिकून, वेळच्या वेळी तपासण्या करून साठीपर्यंत सहज पोचला असता. माझ्याकडे असे रुग्ण येतात. एक जण शिक्षक आहे, निवृत्त होईल आता.


मोरपिशी_शाई

डॉक्टर, मनापासून आभार. ही साखळी मला कुठल्याच चरित्रपर लेखात इतकी सरळ सापडली नव्हती. रोजनिशीतला तो ताप आता वेगळाच वाचला जाईल.

आणि त्याच्या आयुष्यातही एक डॉक्टर होता. शुश्रूषागृहात त्याच्यावर उपचार करणारा. तो डॉक्टर केंटमधल्या टनब्रिजला गेला तर हाही त्याच्यामागोमाग टनब्रिजला राहायला गेला, ग्रिनिचची घरमालकीण एव्ही सिंक्लेअर घर सांभाळायला बरोबर. डॉक्टरवर जीव जडला होता. एकतर्फी, अवघडलेला. शेवटच्या कादंबरीत हा डॉक्टर नाव बदलून येतो. बरं करणाऱ्या माणसावर रुग्ण किती लटकतो आणि त्याची त्याला स्वतःलाच किती लाज वाटते, हे त्यानं जसं लिहिलंय तसं लिहायला धैर्य लागतं.


कोळसा_रेघ

चित्रकलेबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

मी रंगकाम शिकले, पंचवीस वर्षं शिकवतेय. वेल्चची चित्रं छापील पाहिली आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याचं तैलरंगातलं आत्मचित्र आहे, ते प्रत्यक्ष पाहायचा योग एकदा आला. लोक त्याला ‘लेखक, शिवाय चित्रंही काढायचा’ असं म्हणतात. त्याच्या बाजूनं बघितलं तर उलट होतं. तो चित्रकार म्हणूनच वाढला, लेखन नंतर आलं. लंडनच्या लेस्टर गॅलरीत त्याची चित्रं लागली. १९३७ मध्ये शेल कंपनीच्या पोस्टरसाठी त्यानं हॅडलो कॅसलचं चित्र केलं होतं. स्वतःच्या पुस्तकांची वेष्टनं आणि आतली सजावट त्यानं स्वतः काढली. शिंपले, पानं, प्राणी, एकात एक गुंफलेले.

धागाकर्तीशी मी सहमत आहे, आणि कारण माझ्या धंद्यातलं आहे. स्थिरचित्र शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलांना एकच सांगावं लागतं, ‘कप काढू नकोस. समोर जे दिसतंय ते काढ.’ मुलं डोक्यातला कप काढतात. समोरच्या कपाला एक टवका गेलेला असतो, आत चहाचा डाग असतो, कानाची सावली वाकडी पडलेली असते, ते सुटतं. ही सवय मोडायला दोन-दोन वर्षं लागतात. वेल्चचं गद्य म्हणजे ही सवय मोडलेल्या माणसाचं गद्य. माणूससुद्धा तो आधी रंग, पोत, वजन म्हणून बघतो आणि मग त्याचा स्वभाव कळतो. हे कला विद्यालयात १९३३ ते ३५ मध्ये होत होतं, इस्पितळात नव्हे.

एक मात्र हिरवा_कंदील यांच्या बाजूनं. त्याच्या चित्रांपेक्षा त्याचं गद्य मोठं आहे. चित्रात तो कधी कधी नटवतो, सजावटीत रमतो. गद्यात तसं होत नाही.


पायवाट

सहसा नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी मी मोटारसायकलवरून घरी येत होतो. एका टेम्पोनं उडवलं. कमरेचे दोन मणके. सात महिने पाठीवर. तेव्हा मी सव्वीसचा. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘यातून काहीतरी चांगलंच होईल बघ, देव उगाच करत नाही.’ माझ्याकडून काही झालं नाही. मी बरा झालो, नोकरीवर गेलो, लग्न केलं. आजही थंडीत पाय बधिर होतो.

म्हणून मडक्याचं वाक्य मलाही लागलं. दुखण्यातून काही निर्माण करणं हे जणू रुग्णाचं कर्तव्य असतं, आणि ते केलं नाही तर दुखणं वाया गेलं, असा अर्थ होतो त्याचा. कंदीलदादा, तुमच्या मनात तसं नसेल, मला माहीत आहे.

एक विचारायचं होतं. त्या इस्पितळातल्या महिन्यांबद्दल त्यानं लिहिलंय का? म्हणजे आत पडून असताना छत कसं दिसतं, ते.


हिरवा_कंदील

@पायवाट, माफ करा. मी पुस्तकातल्या माणसाबद्दल बोलतोय असं समजून लिहून गेलो, वाचणाऱ्यांत कोण असेल याचं भान ठेवलं नाही. ते वाक्य मी मागे घेतो.


मोरपिशी_शाई

@पायवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि तुमचा प्रश्न म्हणजे या सगळ्याची चावी आहे.

हो, लिहिलंय. ‘अ व्हॉइस थ्रू अ क्लाउड’. पण कधी लिहिलं ते बघा. अपघात १९३५ चा. पहिलं पुस्तक १९४३ चं, त्यात शाळा आणि चीन. दुसरं १९४५ चं, त्यात पंधराव्या वर्षाची सुट्टी. कथाही बऱ्याचशा बालपणाच्या आणि तरुणपणाच्या. अपघाताला तो हात लावत नाही. वर्षानुवर्षं त्याच्या भोवतीनं जातो. आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, अंगात सगळ्यांत कमी ताकद उरलेली असताना, तो त्या रस्त्यावर परत जातो. कादंबरीतल्या मुलाचं नाव मॉरिस, म्हणजे त्याचं स्वतःचंच पहिलं नाव. वेदनेच्या ढगातून एक आवाज ऐकू येतो, प्रश्न विचारतोय. तो असतो पोलिसाचा. पुस्तकाचं नाव तिथून आलंय.

त्यात छत आहे, पायवाट. रात्रीचा वॉर्ड आहे, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं आहे, परिचारिकांचे हात आहेत, कुणाचे हलके, कुणाचे धसमुसळे. स्वतःची कीव करत तो कुठेच थांबत नाही. उलट स्वतःचा हट्ट, किरकिर, दुसऱ्या रुग्णाबद्दल वाटलेली किळस, सगळं मांडतो. शेवटी शेवटी एका वेळी काही मिनिटंच लिहिता यायचं. मग डोळ्यांपुढे अंधारी. असं करत त्यानं ते जवळजवळ संपवलं. काही पानं राहिली. ३० डिसेंबर १९४८ ला तो गेला. पुस्तक १९५० मध्ये, जसं होतं तसं छापलं गेलं.

म्हणून मी म्हणते, अपघातानं लेखक घडवला असता तर अपघात पहिल्या पुस्तकात असता. तो आधी स्वतःच्या बळावर लेखक झाला, आणि ते बळ घेऊन मग त्या दिवसाला सामोरा गेला.


हिरवा_कंदील

हा युक्तिवाद मला मान्य करावा लागेल. पुस्तकांचा हा क्रम माझ्या लक्षातच आला नव्हता.

पण १९३५ ते १९४२ तो काय करत होता? सात वर्षं छापलेलं काहीच नाही?


मोरपिशी_शाई

चित्रं, आणि कविता. मोठा दरवाजा उघडला तो १९४२ च्या ऑगस्टमध्ये. सिरिल कॉनोली संपादक असलेल्या ‘होरायझन’ मासिकात त्याचा लेख आला, वॉल्टर सिकर्ट या बड्या चित्रकाराकडे चहाला गेल्याबद्दलचा. ब्रॉडस्टेअर्सच्या शुश्रूषागृहात असताना जवळच सेंट पीटर्स इथे सिकर्ट राहत होता. म्हाताऱ्या सिकर्टच्या पायांत गटार साफ करणाऱ्यांचे असतात तसले भलेमोठे बूट, तो मध्येच नाचतोय, गातोय. एकीकडे हा नुकता उभा राहायला लागलेला, भेदरलेला विद्यार्थी. निघताना सिकर्ट ओरडून निरोप देतो, की पुन्हा या, इतका वेळ थांबता येणार नसेल तेव्हा या!

तो लेख वाचून ईडिथ सिटवेल यांनी त्याला पत्र लिहिलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या, माफ करा, सत्तावीस वर्षांच्या अनोळखी मुलाला एवढ्या मोठ्या कवयित्रीचं पत्र. पुढे ‘मेडन व्हॉयेज’ला प्रस्तावनाही त्यांचीच.


केंटकर

मी टनब्रिजपासून वीस मिनिटांवर राहतो, बारा वर्षं झाली. धागा वाचून काल संध्याकाळी मुद्दाम हॅडलोला जाऊन आलो.

कोळसा_रेघ यांनी लिहिलेला हॅडलो कॅसल आता नाही. मुख्य वाडा १९५१ मध्ये पाडला. उरलाय तो उंचच उंच, सुईसारखा मनोरा. पडायला आला होता, २०१३ मध्ये त्याची डागडुजी पुरी झाली. म्हणजे वेल्चनं १९३७ मध्ये काढलं तेव्हा सगळा वाडा जागेवर होता. मी रोज कामावर जाताना हा मनोरा बघतो आणि आजवर या माणसाचं नाव ऐकलं नव्हतं.

हे गल्लीबोळ अजून तसेच अरुंद आहेत. दोन्ही बाजूंनी उंच कुंपणझाडी, समोरून गाडी आली की एकानं मागे घ्यायची. एकेकाळी हा हॉप्सचा मुलूख, बिअरमध्ये घालतात ते. सुळक्यासारख्या टोप्यांच्या वाळवणघरांत आता लोक राहतात. इथला चढउतार फसवा आहे, दिसत नाही पण मांड्यांना कळतो. पाठीचा मणका मोडलेला माणूस १९४० च्या दशकातल्या लोखंडी सायकलवरून इथे हिंडत होता, हे मला वाचून पटलं नव्हतं. काल चढ चढताना जास्तच पटेनासं झालं.

तो शेवटी कुठे राहत होता?


मोरपिशी_शाई

व्वा केंटकर, तुम्ही गेलात! शेवटचं घर क्राउच नावाच्या खेड्यात, बरो ग्रीनजवळ. घराचं नाव मिडल ऑर्चर्ड. तिथेच तो गेला.

आणि तिथे तो एकटा नव्हता. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्याला एरिक ऑलिव्हर भेटला. शेतावर काम करणारा, पुस्तकांशी फारसा संबंध नसलेला तरुण. पुढे एरिक त्याच्याबरोबर राहायला आला आणि शेवटपर्यंत राहिला. औषधं, ताप, रात्रीबेरात्री उठणं, सगळं त्यानं केलं. पुरुषाचं पुरुषावर प्रेम असणं इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होता, तो कायदा बदलला १९६७ मध्ये. त्या काळात वेल्चनं हे प्रेम रोजनिशीत कुठलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवलंय. त्याचा संशय, रुसवे, एरिकच्या पावलांची वाट बघणं. १९५२ मध्ये रोजनिशी पहिल्यांदा छापली तेव्हा बरंच काही वगळलं होतं. बरीच अधिक भरलेली आवृत्ती यायला १९८४ उजाडावं लागलं. उरलेलं लेखन नीट राहावं, छापलं जावं म्हणून एरिकनंच धडपड केली.

आजारी माणसाच्या चरित्रात सेवा करणाऱ्याला एक ओळ मिळते. मी स्वतः दोन वर्षं आईजवळ होते. एरिकला मला एक ओळ द्यायची नाही, पण त्याच्याबद्दल जे कळतं ते बहुतेक वेल्चच्याच डोळ्यांनी.


कोळसा_रेघ

एक राहिलं. बाहुलीघर! युद्धाच्या वर्षांत वेल्चनं एक जुनं बाहुलीघर हळूहळू नीट केलं. १७८३ चं. रंगाचे नंतर चढवलेले थर खरवडून आतला मूळ रंग बाहेर काढणं, तुटलेलं जोडणं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या मुलांच्या विभागात जमा आहे, बेथनल ग्रीनला. केंटकर, लंडनला गेलात तर चौकशी करा.

जुन्या लाकडावरचा एकेक थर काढायचं काम मी केलंय. बोटं दुखतात आणि घड्याळ विसरायला होतं. ज्याला ताप कधी चढेल ते माहीत नाही, त्यानं हे काम निवडावं, याचं मला फार वाटतं.


अनुवादवेडी

उशिरा आले, पण पूर्ण धागा दोनदा वाचला. सुरुवात कुठून करू? आणि मराठीत आणायचा झाला तर काय होईल, हे लगेच डोक्यात सुरू झालं.


मोरपिशी_शाई

सुरुवात एका कथेपासून करा. ‘व्हेन आय वॉज थर्टीन’. स्वित्झर्लंडमध्ये बर्फात सुट्टीवर गेलेला तेरा वर्षांचा मुलगा, एका मोठ्या मुलाशी झालेली निरागस मैत्री, आणि त्याचा काहीतरी भलता अर्थ लावून संतापणारा थोरला भाऊ. एका बैठकीत वाचून होईल. त्याच्या कथांचा संग्रह ‘ब्रेव्ह अँड क्रुएल’ जानेवारी १९४९ मध्ये आला, तो जाऊन काही दिवसच झाले होते.


अनुवादवेडी

वाचली. काल रात्री. शेवटच्या पानावर हात थरथरत होते.

आता अडचण सांगते. तो मुलगा थोरल्या भावाला नावानं संबोधतो. मराठी तेरा वर्षांचा मुलगा ‘दादा’ म्हणेल. पण ‘दादा’ लिहिलं की त्या शब्दाबरोबर माया येते, धाक येतो, घर येतं. या दोघांत जो गारठा आहे तो ‘दादा’ म्हणताक्षणी वितळतो. नुसतं नाव ठेवलं तर मराठी वाचकाला मुलगा उद्धट वाटेल, आणि तो उद्धट नाहीये. मी नावच ठेवणार आणि क्रियापद ‘तो म्हणाला’ असं एकेरी. उद्धट वाटला तर वाटो, दोन पानांत कळेल.

दुसरं, लेखी प्रमाण मराठीत त्याची वाक्यं ताठ होतात. ‘मी त्या दालनात प्रवेश केला’ असं हा मुलगा कधीच म्हणणार नाही. बोलीच हवी.


पायवाट

‘अ व्हॉइस थ्रू अ क्लाउड’ मागवलंय. तीस पानं झाली. रोज थोडंच वाचतो, जास्त झेपत नाही. पण बायकोला दोन पानं वाचून दाखवली, मराठीत सांगत सांगत. अकरा वर्षांत तिला जे सांगता आलं नव्हतं त्यातलं थोडं तिला परवा कळलं.


फिरता_डॉक्टर

@पायवाट, पाय बधिर होतो म्हणालात ते एकदा दाखवून घ्या, अकरा वर्षं झाली म्हणून अंगावर काढू नका. आणि लघवीची काही तक्रार असेल तर तीही सांगा, लोक लाजून सांगत नाहीत.


अनुवादवेडी

‘मेडन व्हॉयेज’चं पहिलं वाक्य करून बघितलं. एवढंच टाकते, बघा जमतंय का.

‘शाळेतून पळून आल्यावर माझं काय करायचं ते कुणालाच कळेना.’


मोरपिशी_शाई

ओघ बरोबर सापडलाय. एकच शंका. ‘पळून आल्यावर’ की ‘पळून गेल्यावर’?


अनुवादवेडी

‘आल्यावर’ कानाला बरं वाटलं म्हणून घेतलं. मूळात दोन्ही बसतं.


मोरपिशी_शाई

‘आल्यावर’ म्हटलं की तो कुठेतरी आलाय असं होतं. आई जाऊन चार वर्षं झालीत, वडील चीनमध्ये, सुट्टीत कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या. ‘आलो’ म्हणावं असं ठिकाण त्याला नव्हतं. ‘गेल्यावर’ करा.


अनुवादवेडी

केलं.